लाटेवरचा आळ

मुरूडच्या समुद्रात, कासा नावाच्या खडकावर पद्मदुर्ग उभा आहे. सत्तावीस वर्षं मी दर हिवाळ्यात नववीची मुलं घेऊन तिथे गेलो. पडकोटाच्या बुरुजापाशी, जिथे कमळाच्या पाकळ्यांसारख्या चर्या आहेत, तिथे मुलांना उभं करायचं आणि तटाकडे बोट दाखवायचं, हा माझा रिवाज होता. दिसायचं ते कोणालाही थक्क करील असंच आहे. तटाचे दगड आत गेलेले, वाटीसारखे खोलगट झालेले. आणि दोन दगडांच्या मधला चुना मात्र जागच्या जागी, चौकटीसारखा बाहेर उभा. लांबून सगळा तट मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो.

मग मी सांगायचो, "तीनशेहून जास्त वर्षं लाटा या भिंतीवर आपटताहेत. त्यांनी दगड खाल्ला, पण महाराजांच्या गवंड्यांनी भरलेला चुना त्यांना खाता आला नाही. हा चुना दगडाहून कणखर आहे." मुलं टाळ्या वाजवायची. माझ्याही अंगावर दर वर्षी काटा यायचा.

मी खोटं बोलत नव्हतो. मला तसंच वाटत होतं. आज तसं वाटत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या शेकडो मुलांच्या मनात ते वाक्य अजून असणार, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

ते वाक्य मी इतकी वर्षं तपासलं का नाही, हे मला आता कळतं. पद्मदुर्गाची हकिकत मनाला फार लागणारी आहे. समोर सिद्दीचा जंजिरा, त्याच्या तोफांच्या धाकात हा किल्ला बांधायचा होता. जानेवारी १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकाला, एक कडक पत्र पाठवलं. पद्मदुर्गाला वेळेवर पैसा आणि धान्य पोचवलं नाही म्हणून केलेली ती कानउघाडणी आहे. पत्र वाचलं की डोळ्यांपुढे ते लोक येतात. भरतीच्या वेळा सांभाळत दगड उतरवणारे, चुना मळणारे, रसद येईल म्हणून किनाऱ्याकडे डोळे लावून बसलेले. त्यांच्या हातचा चुना समुद्रालाही पुरून उरला, असं म्हणताना मला त्यांचं ऋण फेडल्यासारखं वाटायचं. जिथे माणसाचं प्रेम गुंतलेलं असतं तिथे तो भिंग घेऊन बसत नाही.

२००९ च्या जानेवारीत आम्ही तिघे शिक्षक मुलांशिवाय गेलो होतो. आम्हाला सोडून गेलेली होडी मशीन बिघडल्यामुळे तीन तास आली नाही. बरोबरचे दोघे सावलीत आडवे झाले. मी बुरुजावर, चर्येच्या आतल्या अंगाला पाठ टेकून बसलो. उठलो तेव्हा सदऱ्याच्या पाठीवर करडी भुकटी होती. वळून पाहिलं, तर आतल्या बाजूच्या दगडांनाही तसेच खळगे! त्यात बोट फिरवलं की रवा सुटावा तसे कण सुटत होते. बोट जिभेला लावलं. खारट.

मी तिथेच थबकलो. या जागी लाट येत नाही. पावसाळ्यातल्या उधाणाचे तुषार येतात, वाऱ्याबरोबर खारं येतं, पण भिंतीच्या आतल्या अंगावर येऊन आपटेल अशी लाट या समुद्रात नाही. मग इथला दगड कोणी खाल्ला?

होडी येईपर्यंत मी तटाभोवती फिरत राहिलो. ओहोटी लागली होती, त्यामुळे एरवी पाण्यात असणारे खालचे थर उघडे पडले होते. सत्तावीस वर्षांत मी तिकडे नीट पाहिलं नव्हतं, कारण मुलांना शेवाळावर जाऊ द्यायचं नाही या काळजीतच माझा वेळ जायचा. त्या थरांवर कालवं चिकटलेली होती, हिरवं शेवाळ होतं, आणि खळगे जवळजवळ नव्हतेच. जिथे लाट रोज दोनदा येऊन बडवते तिथला दगड बराचसा धड. जिथे तिचे नुसते तुषार पोचतात, तिथला दगड पोखरलेला. माझं सांगणं खरं असतं तर हे नेमकं उलटं दिसायला हवं होतं.

खाली ढासळलेले काही तुकडे पडले होते. खिशात चाकू होता. चुन्याच्या गठ्ठ्यावर त्याचं टोक ओढलं, पांढरी रेघ उमटली. शेजारचा दगड फुटून त्याचा आतला काळा गाभा उघडा पडला होता. त्यावर तेच टोक दाबून ओढलं, तर दगडावर ओरखडा नाही, उलट चाकूच्या पोलादाचीच करडी खूण राहिली. म्हणजे चुना दगडाहून कणखर नव्हताच. तो दगडापेक्षा पुष्कळ मऊ होता. तेव्हा हेही लक्षात आलं की आपटून, घासून झीज करणारा कोणी असता, तर त्याने आधी मऊ ते काढून नेलं असतं. सांधे रिते झाले असते आणि दगड पुढे आले असते. इथे मऊ ते उरलं होतं आणि कठीण ते गेलं होतं. असं करणारा दुसराच कोणीतरी असला पाहिजे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक झाली याची लाज होतीच. पण त्याहून जास्त एक रिकामपण होतं, घरातली रोजची वस्तू कोणी उचलून नेल्यावर वाटतं तसं.

उत्तर सापडलं ते आईच्या स्वयंपाकघरात. आमचं घर श्रीवर्धन तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात आहे. त्या शिमग्याला गेलो होतो, तेव्हा आई खडेमीठ नव्या मडक्यात भरत होती. जुनं मडकं पडवीत उपडं ठेवलेलं. त्याच्या बाहेरच्या अंगाचे पापुद्रे सुटले होते, हात लावला की भाजलेल्या मातीची कपची निघून येत होती. मी विचारलं, "हे कशानं झालं?" तिने मान वर न करताच सांगितलं, "मिठानं मडकं खाल्लं. दर दोन-तीन वर्षांनी खातं." लहानपणापासून हे वाक्य मी ऐकत आलो होतो. आमच्या स्वयंपाकघरात लाट कधी आली नव्हती.

मीठ आतल्या बाजूला, आणि झडलेली बाजू बाहेरची. ते मडकं मी कितीतरी वेळ हातात धरून बसलो. मिठाला हवेतून ओल सुटते, ती ओल मडक्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर झिरपते आणि बाहेरच्या वाऱ्याने सुकते. पाणी उडून जातं. मीठ उडू शकत नाही, ते कातडीच्या आतच स्फटिक होऊन बसतं. स्फटिक वाढतो तेव्हा त्याला जागा लागते आणि ती तो रेटून मिळवतो. एका दिवसात काही होत नाही. पण हेच रोज होऊ लागलं की मातीचा कण शेजारच्या कणापासून सुटतो. तटाच्या भिंतीत हेच चाललं होतं. फक्त तिथे मडकं दगडाचं होतं आणि मिठाचा साठा अरबी समुद्राएवढा.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तुषारांबरोबर ते दगडाच्या छिद्रांत शिरतात. दर भरतीला पाण्यात जाणारा दगड पुरता सुकतच नाही, म्हणून त्याच्यात सहसा स्फटिक होत नाहीत. कालवांच्या थराखालचे दगड त्यामुळे वाचले होते. वरचा दगड भिजतो आणि सुकतो, भिजतो आणि सुकतो. शिवाय त्याला भिजायला दर वेळी तुषार लागतातच असंही नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ते याच कारणाने. कोकणात हिवाळ्याच्या रात्री हवा दमट, दुपारी कोरडी. म्हणजे समुद्र तळ्यासारखा निवांत असतानाही दगडाच्या पोटात मीठ रात्री विरघळतं आणि दुपारी पुन्हा गोठतं. मी सहलीला जायचो ते याच दिवसांत. लाटांच्या माऱ्याबद्दल मी तावातावाने बोलत असायचो आणि माझ्या पाठीमागच्या भिंतीत खरं काम चालू असायचं, अगदी मुकाट.

मग वाचन सुरू केलं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर वालुकाश्मात अशीच जाळी पडते. जॉर्ज मुस्टो या अभ्यासकाने तिच्यावर १९८२ मध्ये लिहिलं. लाटांच्या तुषारांतलं खारं पाणी सुकतं आणि दगडाचे कण एकेक करून मोकळे होतात, असं त्यांना दिसलं. खळग्यांच्या मधले पातळ पडदे का टिकतात, याचंही कारण त्यांनी दिलं. त्या पडद्यांवर सूक्ष्म शेवाळाचा थर असतो आणि तो दगडाला जपतो. पुढे १९९९ मध्ये तिघा संशोधकांनी प्रयोगशाळेत एकजिनसी चुनखडकाला खारं पाणी पाजलं, त्यावर वारा सोडला आणि ही जाळी तयार करून दाखवली. तिथे लाट नव्हतीच. हिरोडोटसने तर अडीच हजार वर्षांपूर्वी इजिप्तबद्दल लिहून ठेवलं आहे की जमिनीतून फुटणारा खार पिरॅमिडनाही बाधतो. आणि आमच्या घरात यासाठी जुना शब्द होता. भिंतीला पांढरी बुरशी आल्यासारखं दिसलं की आजी म्हणायची, "भिंतीला लोणा लागला." भूगोल शिकवताना मला तो एकदाही आठवला नाही.

दुसऱ्या वर्षी मुद्दाम हरिहरेश्वरला गेलो. तिथल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर दोन कड्यांमधल्या चिरेतून पायऱ्या उतरत समुद्राच्या पातळीला पोचता येतं. खाली तरंगघर्षित मंच पसरलेला आहे आणि बाजूच्या कड्यावर जाळीच जाळी. इथेही मी मुलांना सरसकट "लाटांचं काम" म्हणून सांगत आलो होतो. या वेळी पूर्ण ओहोटीची वेळ साधून गेलो. (भरतीच्या वेळी त्या वाटेला कोणी जाऊ नये. तिथे लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत.) मंचावरच्या रांजणखळग्यांत हात घातला. आतून गुळगुळीत, तळाशी चार-पाच गोल गोटे. लाटेच्या भोवऱ्यात गोटे फिरतात आणि खळगा कोरतात. हे काम लाटेचंच, यात शंका नाही. मग चार पावलं चालून कड्याच्या जाळीवर हात ठेवला. तिथला दगड खरखरीत, कडा पातळ आणि धारदार, बोटाला भुकटी लागणारा. एकाच किनाऱ्यावर, हाताच्या अंतरावर, दोन वेगळे कारागीर काम करत होते आणि दोघांच्या हाताचं वळण नुसत्या स्पर्शाने ओळखू येत होतं. मी दोघांचं काम एकाच्याच नावावर मांडत आलो होतो.

याचं एक कारण आमच्या शिकवण्यातही आहे. मी शिकवायचो त्या काळच्या पुस्तकात विदारण एका धड्यात असायचं आणि सागरी लाटांचं कार्य दुसऱ्या धड्यात. विदारण म्हटलं की वाळवंटातलं ऊन, नाहीतर थंड प्रदेशातलं भेगांत गोठणारं पाणी. किनारा आला की लाट, गुहा, कमान, स्तंभ. किनाऱ्यावरच्या दगडाचंही विदारण होतं, आणि लाट येण्याच्या आधीपासून होत असतं, हे दोन धड्यांच्या मधल्या फटीत पडून राहिलं. परीक्षेत तसा प्रश्न येत नव्हता, म्हणून मीही त्या फटीत कधी डोकावलो नाही.

लाटेला मी आता निर्दोष ठरवतो आहे असं नाही. पावसाळ्यात तिचा जोर ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो सांगायला नको. भेगेत शिरणारी लाट आतली हवा कोंडून दाबते. लाट मागे सरली की ती हवा एकदम मोकळी होते, आणि या हिसक्यांनी मोठमोठे चिरे ढिले होतात. किल्ल्यांचे पाये लाटच उकरते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात मोठमोठे दगड चुना न भरता नुसते एकावर एक रचले आहेत, ते लाटेचं पाणी फटींत शिरून तिचा जोर मोडावा म्हणून, असं सांगतात. ज्यांनी ते रचले त्यांना लाट पुरेपूर माहीत होती. आणि मिठाने मोकळी केलेली भुकटी धुऊन नेणारी, दगडाचा ताजा भाग पुन्हा उघडा करणारी लाट आणि पाऊसच. पण दगड आतून सैल करण्याचं काम तिच्या आधी झालेलं असतं. कड्यावरून शिळा कोसळते तेव्हा आपण शेवटचा धक्का पाहतो आणि सगळं त्याच्याच नावे लिहितो.

आता उरला चुना. मऊ असून तो टिकला कसा? याचं उत्तर मला बुरुजावर मिळालं नाही. ते मिळालं माझ्याच घरात, आणि फार महाग पडलं.

आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं आहे. वडिलांनी बांधलेलं, सांधे चुन्याचे. समुद्राकडच्या भिंतीचे चिरे झडायला लागले तेव्हा, २००३ साली, मी त्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा करून घेतला. समुद्र मारतो आहे, तर त्याच्यापुढे कणखर ढाल उभी करायची, हा माझा हिशेब. बुरुजाजवळ जे सांगत होतो तेच घरी केलं. गावातला गवंडी जुना, वडिलांच्या वेळचा. तो म्हणालाही, "गुरुजी, चुनाच लावू." मी ऐकलं नाही. पाच पावसाळ्यांत गिलावा फुगला आणि तव्यावरची भाकरी सुटावी तसा पत्रा होऊन सुटून आला. त्याच्या पाठीला जांभ्याचा बोटभर थर चिकटलेला होता. मागे चिऱ्यांच्या जागी तांबडी माती. मी गवंड्याला घरी बोलावलं आणि चार माणसांदेखत सांगितलं, की तू किनाऱ्यावरची खारी वाळू वापरलीस. तो काही बोलला नाही. पुन्हा आमच्याकडे कामाला आला नाही.

मडक्याने माझे डोळे उघडले तेव्हा ही भिंत पहिल्यांदा आठवली. खार वाळूत नव्हता. तो चाळीस वर्षं वाऱ्याबरोबर येऊन चिऱ्यांतच मुरला होता. जमिनीची ओल जोत्यातून वर चढत होती. पूर्वी ती चिऱ्यांतून आणि सांध्यांतून बाहेर पडून सुकायची, पृष्ठभाग थोडा झडायचा. मी तिची वाट सिमेंटने बंद केली. मग पाणी सिमेंटच्या मागे अडलं, मीठ तिथेच साठलं आणि आतून चिरा फोडत गेलं. ढाल कणखर होती, तिला काही झालं नाही. तिच्या मागे जे होतं ते मेलं.

त्यानंतर पद्मदुर्गाची भिंत मला वेगळी दिसायला लागली. प्रश्न कठीण काय आणि मऊ काय, हा नव्हता. पाणी कुठल्या वाटेने बाहेर पडून सुकतं, हा होता. ज्या वाटेने सुकतं, तिथे मीठ साठतं आणि तेच अंग झडतं. घाण्यात मळून मळून घट्ट केलेला तो चुना मऊ असला तरी आतून एकजीव आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन तो पुन्हा चुनखडक होत जातो. बारीक चीर पडली तर त्याच्यातलाच चुना पाण्यात विरघळून तिथे परत बसतो. बुरुजाचा दगड मात्र, गाभ्यात कितीही कठीण असला, तरी बाहेरच्या अंगाला बारीक छिद्रांचा आणि आधीच थोडा कुजलेला. भिंत त्या दगडाच्या तोंडाने श्वास घेत राहिली आणि दगड झिजत गेला. त्या गवंड्यांबद्दलचा माझा आदर यामुळे तसूभरही कमी झाला नाही. दगडापेक्षा कणखर काहीतरी त्यांनी बनवलं, ही दंतकथा माझी होती, त्यांची नव्हे. तुटल्यावर स्वतःला सांधणारा चुना त्यांनी बनवला होता.

म्हणूनच कुठल्या समुद्रकिल्ल्याच्या सांध्यांत सिमेंट भरलेलं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. चांगल्या मनाने भरलेलं असतं, मला ठाऊक आहे. मीही चांगल्याच मनाने भरलं होतं.

गवंड्याकडे जायला मला दोन वर्षं लागली. तो थकला होता, अंगणात जाळं विणत बसला होता. मी म्हटलं, "दादा, वाळू चांगली होती. चूक माझी होती. तुम्ही चुना सांगितला होतात." मडक्याचं, बुरुजाचं, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. हातातली गाठ पुरी केली आणि विचारलं, "भिंत उभी आहे का अजून?" मी म्हटलं, आहे, अर्धी. "मग चुना भिजत घालायला हवा. घाई करायची नाही. आणि सिमेंट सगळं काढायचं, कोपऱ्यातलंसुद्धा."

त्याच्या मुलाने काम केलं, तो खुर्चीवर बसून सांगत होता. झडलेले चिरे बदलले, सांधे चुन्याने भरले, वर चुन्याचाच पातळ गिलावा केला. आता खार त्या गिलाव्यावर फुटतो, चिऱ्यात अडून राहत नाही. पावसाळा सरला की दसऱ्याच्या आधी मी ती पांढरी भुकटी मऊ केरसुणीने झाडून काढतो, जिथे फार झडलं असेल तिथे नवा हात देतो. यंदा पायरीशेजारची दीड हात जागा निघाली. चुना भिजत घातला आहे.